ऑटो-फीड स्क्रू गनने जिप्सम बोर्ड बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिप्सम बोर्डाचं काम रोज करणारे कारागीर आणि स्वतःच्या हाताने एखादं पार्टिशन उभं करायला निघालेली मंडळी, दोघांकडूनही ऑटो-फीडबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने शिकणाऱ्यांचे आहेत, पुढचे काम करताना अडलेल्यांचे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात. या गनने वेग आपोआप मिळतो, पण स्क्रूचं डोकं बरोबर जागी थांबवणं आपोआप होत नाही. ते तुम्हीच लावून द्यावं लागतं.

१. ऑटो-फीड अटॅचमेंट म्हणजे नेमकं काय? साध्या स्क्रू गनपेक्षा त्यात वेगळं काय?

साध्या स्क्रू गनवर प्रत्येक स्क्रू हाताने बिटवर, म्हणजे स्क्रू फिरवणाऱ्या टोकावर, लावावा लागतो. ऑटो-फीड अटॅचमेंट गनच्या पुढच्या टोपीच्या जागी बसते आणि तिच्यात प्लास्टिकच्या पट्टीत ओवलेले स्क्रू भरतात. एका पट्टीत बहुधा ५० स्क्रू असतात.

गन बोर्डावर दाबली की अटॅचमेंटचा पुढचा भाग मागे सरकतो. आतलं दातेरी चाक पट्टी एक घर पुढे आणतं, बिट स्क्रूच्या डोक्यात बसतो, स्क्रू पट्टीतून सुटतो आणि बोर्डातून थेट फ्रेममध्ये जातो. गन उचलली की स्प्रिंग पुढचा भाग पुन्हा बाहेर ढकलते. काही बनावटींत पट्टी दाबताना सरकते, काहींत उचलताना. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते रिकाम्या हाताने एकदा दाबून बघा, पट्टी अडकल्यावर ती माहिती उपयोगी पडते (प्रश्न १३).

२. एकाच खोलीचं काम आहे. हे घ्यावं, की साध्या ड्रिल मशीनवर भागेल?

एखादं छोटं पार्टिशन असेल तर भागेल. ड्रिल मशीनला डिंपलर बिट लावा, म्हणजे स्क्रू ठरावीक खोलीवर बिटपासून सुटतो आणि कागद वाचतो. वेळ जास्त लागेल, पण काम चांगलं होईल.

सीलिंग असेल तर मी ऑटो-फीडच्या बाजूने आहे, आणि ते वेगासाठी नव्हे. डोक्यावर बोर्ड धरलेला असताना एका हाताने पिशवीतून स्क्रू काढायचा, बिटवर टेकवायचा, पडू न देता वर न्यायचा, यात बोर्ड हलतो. ऑटो-फीडमुळे दुसरा हात बोर्ड फ्रेमला घट्ट दाबून ठेवायला मोकळा राहतो. बोर्ड घट्ट दाबलेला असताना लागलेला स्क्रूच पुढे त्रास देत नाही (प्रश्न २१).

३. ड्रिल मशीन किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हरवर ही अटॅचमेंट बसते का?

ड्रिल मशीनच्या चकमध्ये बसणाऱ्या अटॅचमेंट मिळतात. पण दोन फरक लक्षात ठेवा. जिप्समसाठी बनवलेली स्क्रू गन मिनिटाला साधारण ४००० ते ६००० फेरे घेते, ड्रिल मशीन बहुधा २००० च्या आसपास थांबतं. त्यामुळे लोखंडी स्टडमध्ये, म्हणजे फ्रेमच्या उभ्या खांबात, स्क्रूचं टोक शिरायला वेळ लागतो आणि हात जास्त दाबावा लागतो. दुसरं, स्क्रू गनमध्ये ठरावीक खोली आली की बिट फिरायचा थांबवणारा क्लच असतो. ड्रिल मशीनमध्ये तसा क्लच नसतो, म्हणून स्क्रू बसताक्षणी हात थांबवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र बोर्डासाठी वापरू नका. त्याचे ठोके स्क्रूचं डोकं कागदातून आरपार नेतात, आणि खोली दर स्क्रूला वेगळी येते.

४. कुठल्याही कंपनीच्या पट्ट्या कुठल्याही गनमध्ये चालतात का?

नाही. काही पट्ट्या एकमेकींच्या जागी चालतात, पण ते गृहीत धरू नका. पट्टीच्या कडेच्या खाचा, दोन स्क्रूंमधलं अंतर आणि प्लास्टिकचा जाडपणा, हे तिन्ही तुमच्या दातेरी चाकाशी जुळावं लागतं. नवी पट्टी आणली की जुनीवर ठेवून बघा. खाच खाचेवर आणि स्क्रू स्क्रूवर पडला तरच पुढे जा. थोडासा फरक पहिल्या चार-पाच स्क्रूंना जाणवत नाही, नंतर साचत जातो आणि पट्टीच्या मध्यावर गन अडते.

बिटचंही तसंच. अटॅचमेंटचा बिट लांब असतो आणि त्याची लांबी बनावटीप्रमाणे बदलते. आखूड बिट घातला तर सगळे स्क्रू वर राहतील, आणि तुम्ही बिचाऱ्या डेप्थच्या, म्हणजे स्क्रू किती खोल जावा ते ठरवणाऱ्या, चाकाशी झगडत बसाल.

५. स्क्रू कोणते घ्यायचे? बारीक आट्यांचे, जाड आट्यांचे की ड्रिल टोकाचे?

मागे काय आहे त्यावर ठरतं.

लाकडी फ्रेम असेल तर जाड, विरळ आट्यांचे. ते लाकडाला पकडतात. पातळ पत्र्याच्या स्टडला, म्हणजे साधारण ०.८ मिमीपर्यंतच्या, बारीक आट्यांचे आणि टोकदार. त्याहून जाड पत्र्याला, साधारण २.८ मिमीपर्यंत, पुढे छोटं ड्रिल असलेले. टोकदार स्क्रू जाड पत्र्यावर फिरत राहतो, टोक तापून बोथट होतं आणि तेवढ्यात मागचे आटे बोर्डाचा गाभा कुरतडून भोक मोठं करतात. वरून स्क्रू बसल्यासारखा दिसतो, पण धरलेलं काहीच नसतं.

ड्रिल टोकाच्या स्क्रूंना उलट वेग कमी लागतो, मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास. गनला वेग बदलण्याची सोय असेल तर तो उतरवा, नाहीतर टोक पत्रा कापण्याआधीच जळतं.

बोर्डाला बोर्ड जोडायचा असेल, मागे फ्रेम नसेल, तर त्यासाठी आणखी वेगळा स्क्रू असतो (प्रश्न १९).

६. स्क्रूची लांबी कशी ठरवायची?

बोर्डाच्या जाडीत फ्रेममध्ये शिरणारा भाग मिळवा. पत्र्यात स्क्रू किमान १० मिमी पलीकडे निघायला हवा, लाकडात किमान १६ मिमी रुतायला हवा. १२.५ मिमीचा एक थर पत्र्यावर असेल तर २५ मिमीचा स्क्रू पुरतो. १२.५ मिमीचे दोन थर पत्र्यावर असतील तर वरच्या थराला ३५ मिमी. लाकडावर एका थराला २८.५ मिमी लागतात, म्हणून ३२ मिमीचा घेतात.

"लांब घेतला तर जास्त पक्का" हा समज सोडा. लाकडात जास्त लांब स्क्रू उलट नंतर बाहेर डोकावण्याची शक्यता वाढवतो, आणि स्टडच्या मागे वायर असेल तर तिच्यापर्यंत पोचतो.

लांबी बदलली की अटॅचमेंटवरचा लांबीचा खटका बदलायला विसरू नका. बहुतेक अटॅचमेंटवर २५ पासून ५५ पर्यंत आकडे कोरलेले असतात. हा खटका म्हणजे डेप्थ नव्हे, ती वेगळी लावायची (प्रश्न ८).

७. स्क्रूचं डोकं किती आत जायला हवं?

बोर्डाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, पण वरचा कागद न फाटता. डोक्याभोवती उथळ खळगा दिसावा, त्यात कागद ताणलेला पण अखंड असावा. तो खळगा नंतर पुट्टीने भरतो.

कागद अखंड का हवा, हे एकदा नीट समजून घ्या. जिप्समचा गाभा ठिसूळ असतो, त्याला ताण सोसत नाही. बोर्डाला ताण सोसणारी ताकद देतो तो दोन्ही बाजूंचा कागद, आणि स्क्रूचं रुंद, वक्र डोकं त्याच कागदाला मागच्या फ्रेमकडे दाबून धरतं. कागद फाटला की डोकं नुसत्या भुग्यात बसलेलं असतं. भिंतीवर ते बरेच दिवस तसं निभावून जातं, सीलिंगवर मात्र बोर्डाचं सगळं वजन त्या स्क्रूंवर लटकतं.

८. डेप्थ कशी लावायची? दर वेळी वेगळी का येते?

या एका कामाला दहा मिनिटं द्या, पुढचा सगळा दिवस सुखाचा जातो.

ज्या बोर्डाचं काम आहे त्याचाच तुकडा घ्या आणि ज्या फ्रेमवर काम आहे तिच्यावरच तो लावा. जमिनीवर लाकडाच्या ठोकळ्यावर केलेली चाचणी पत्र्याच्या स्टडला लागू होत नाही, कारण स्टडचा पत्रा दाबाने लवतो आणि ठोकळा लवत नाही. आधी डेप्थ मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे स्क्रू वर राहील. मग चाक थोडं फिरवा, दोन-तीन स्क्रू मारा, पुन्हा थोडं फिरवा. डोकं पृष्ठभागाच्या बरोबरीला आलं की चाक आणखी अगदी थोडं फिरवा आणि थांबा. वरून खाली येत बरोबर जागा सापडते. आधीच खोल गेलेल्या मापावरून मागे येताना कुठे थांबायचं ते नजरेला कळत नाही, कारण फाटलेला कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आता वरून बोट फिरवा. डोक्याची कड बोटाला लागली तर स्क्रू अजून वर आहे. खळग्याच्या काठावर कागदाचे धागे जाणवले तर फाटला आहे. दोन्ही नसेल तर जमलं.

हे माप पुढच्या गोष्टी बदलल्या की पुन्हा तपासायचं: बोर्डाचा प्रकार (ओलावारोधक आणि अग्निरोधक बोर्डाचा गाभा साध्यापेक्षा घट्ट असतो), फ्रेमचा प्रकार, नवा बिट, आणि गन धरणारा माणूस. शेवटचा मुद्दा बरेच जण मानत नाहीत. पण एकाचा हात दमल्यावर दुसऱ्याने गन घेतली की दाब बदलतो आणि पातळ पत्र्यावर त्याचा परिणाम दिसतो.

९. पट्टी भरायची आणि काढायची कशी?

आधी बॅटरी काढा किंवा प्लग काढा. पट्टी खालच्या मार्गातून वर सरकवा, पहिला स्क्रू बिटच्या रेषेच्या एक घर आधी येईल इतकी. तो थेट बिटसमोर आणला तर पहिल्या दाबाला पट्टी पुढे जाते आणि तो स्क्रू वाया जातो. काढताना जोर लावून मागे ओढू नका, चाकाचे दाते तुटतात. बहुतेक अटॅचमेंटवर चाक मोकळं करणारं बटण असतं, ते दाबून काढा. बटण नसेल तर पट्टी ज्या दिशेला पुढे जाते त्याच दिशेला ओढून बाहेर काढा.

१०. दिवसभर काम केल्यावर मनगट दुखतं. गन धरण्याची पद्धत चुकतेय का?

बहुधा हो. ड्रिल मशीन पिस्तुलासारखं मुठीत धरायची सवय असते, तीच इथे येते आणि दाब मनगटाच्या खालून जातो. स्क्रू गन धरताना तळहाताचा वरचा भाग मोटरच्या अगदी मागे टेकवा, अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या बाजूला गनच्या अंगाला सरळ. ट्रिगर शेवटच्या दोन बोटांनी दाबा. असं धरल्यावर कोपर, मनगट आणि बिट एका रेषेत येतात आणि दाब खांद्यातून जातो. गन बोर्डाला काटकोनातही राहते. तिरका गेलेला स्क्रू एका कडेने कागद कापतो, मग डेप्थ कितीही अचूक असो.

११. ट्रिगर लॉक करून मोटर सतत चालू ठेवणं बरोबर आहे का?

जिप्समच्या गनला ही सोय मुद्दाम दिलेली असते. मोटर फिरत असली तरी गनचं टोक बोर्डावर दाबेपर्यंत बिट फिरत नाही, त्यामुळे रांगेने स्क्रू मारताना लॉक वापरायला हरकत नाही. बऱ्याच कॉर्डलेस गनमध्ये आणखी चांगली सोय असते, टोक बोर्डावर दाबलं की तेव्हाच मोटर सुरू होते. त्याने आवाज कमी होतो आणि बॅटरी टिकते. शिडी चढता-उतरताना, गन दुसऱ्याच्या हातात देताना आणि पट्टी बदलताना लॉक काढलेलाच असला पाहिजे. त्यात सवलत नाही.

१२. दोन स्क्रूंमध्ये किती अंतर ठेवायचं? एका बोर्डाला किती स्क्रू लागतात?

हे देशाच्या मानकाप्रमाणे आणि बोर्ड बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे बदलतं. अमेरिकी पद्धतीत स्टड ४०० मिमीवर असतील तर भिंतीला साधारण ४०० मिमी आणि सीलिंगला ३०० मिमी चालतं. जर्मन पद्धतीत भिंतीला २५० आणि सीलिंगला १७० मिमी धरतात. तुमच्या बोर्डासोबत आलेली सूचना असेल तर तीच पाळा. अग्निरोधक भिंत असेल तर प्रश्न १९ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कडेपासून किमान १० मिमी आत या. त्याहून जवळ मारला तर गाभा फुटतो. कापलेल्या कडेला मी थोडं जास्तच आत येतो, कारण तिथे कड कागदाने गुंडाळलेली नसते.

हिशोब असा करा. १२०० × २४०० मिमीचा बोर्ड उभा लावला, स्टड ६०० मिमीवर, तर स्टडच्या ३ रेघा येतात. ३०० मिमी अंतराने एका रेघेत ९ स्क्रू, म्हणजे २७. स्टड ४०० मिमीवर असतील तर ४ रेघा आणि ३६ स्क्रू. सीलिंगला चॅनेल ४०० मिमीवर आणि स्क्रू २०० मिमीवर धरले तर ७ रेघांत ७-७, म्हणजे ४९. ५० ची एक पट्टी एका बोर्डाला जवळपास नेमकी पुरते. बोर्डागणिक एक पट्टी लागतेय ना, हे सीलिंगवर लक्षात ठेवलं तर चुकून राहिलेली रेघ लगेच कळते.

मारायचा क्रम मधून कडेकडे. आधी चारही कडा पक्क्या केल्या तर मध्ये बोर्ड फुगीर राहतो आणि तो फुगवटा नंतर दाबून बसत नाही.

१३. पट्टी अडकते, किंवा गन दाबली तरी स्क्रूच येत नाही. काय करू?

बॅटरी काढून या क्रमाने बघा.

सगळ्यात आधी तुमची स्वतःची हालचाल. गन पूर्ण उचलली जात नसेल तर पुढचा भाग पूर्ण बाहेर येत नाही आणि चाक पुढचं घर पकडत नाही. भरभर काम करताना हात अर्ध्यावरूनच पुढच्या जागी सरकतो, आणि रिकाम्या फेऱ्यांचं सगळ्यात सामान्य कारण हेच असतं. अर्धवट दाबल्यानेही तेच होतं.

मग लांबीचा खटका. पट्टी ३५ ची आणि खटका २५ वर असेल तर स्क्रू बोर्डावर सरळ उभाच राहत नाही.

मग पट्टी. डब्यात वाकलेली, उन्हात ठेवून मऊ पडलेली किंवा एखादा स्क्रू तिरका झालेली पट्टी सरळ बाजूला काढा. तिरका स्क्रू हाताने ढकलून बसवायचा मोह होतो, पण प्लास्टिकचं भोक सैल झालेलं असतं आणि तो वाटेतच गळतो.

शेवटी धूळ. जिप्समची पूड सरकणाऱ्या भागात आणि दातेरी चाकाच्या फटीत बसते. टोक दाबून सोडल्यावर ते चटकन बाहेर येत नसेल, रेंगाळत असेल, तर साफ करायची वेळ झाली आहे (प्रश्न २३).

१४. स्क्रू शेवटच्या क्षणी घसरतो आणि डोक्याची चौफुली खराब होते. स्क्रू हलके आहेत का?

स्क्रूला दोष देण्याआधी बिट बदलून बघा. बिटच्या टोकाच्या चार पाकळ्या उजेडात धरा. कडा गोलसर, चकचकीत झाल्या असतील तर तो संपला. नव्याच्या शेजारी धरल्यावर फरक स्पष्ट दिसतो. बिट ही झिजण्यासाठीच असलेली वस्तू आहे, दोन जास्तीचे कायम खिशात ठेवा. नव्या बिटवरही घसरत असेल तर गन तिरकी पडतेय किंवा दाब कमी पडतोय.

१५. कागद फाटून स्क्रू खोल गेला. तो काढून तिथेच दुसरा मारू का?

त्याच भोकात नाही. तिथला गाभा आता भुगा झालेला आहे. साधारण ४० ते ५० मिमी बाजूला, त्याच स्टडवर, नवा स्क्रू मारा आणि तो नीट बसल्याची खात्री करा. मग जुना सैल असेल तर काढून टाका, आत घट्ट बसलेला असेल तर राहू द्या. सुटलेला कागद चाकूने गोल कापून घ्या, नाहीतर पुट्टीखाली तो फुगतो.

एका बोर्डात असे तीन-चार दिसले तर दुरुस्त्या करत पुढे जाऊ नका. थांबा आणि डेप्थ पुन्हा लावा.

१६. डेप्थ बरोबर आहे, तरी मधूनच एखादा स्क्रू वर राहतो. असं का?

लाकडात गाठ लागली असेल. पत्र्यात फ्रेमचे दोन भाग एकावर एक आलेल्या जागी, दाराच्या चौकटीशी किंवा स्टड ज्यात उभे असतात त्या खालच्या ट्रॅकपाशी, पत्रा दुप्पट होतो. अशा चार जागांसाठी गनची डेप्थ वाढवू नका. बाकीचे सगळे खोल जातील.

त्यासाठी कमरेला साधा स्क्रूड्रायव्हर ठेवा. बोर्ड पूर्ण झाल्यावर रुंद पुट्टीची पाती प्रत्येक रेघेवरून वरून खाली ओढा. जिथे टक् असा आवाज येईल तिथे थांबा आणि तो स्क्रू हाताने पाव फेरा आत घ्या. नजरेला न दिसणारा स्क्रूही पातीला सापडतो. नंतर सांध्यांवर टेप लावायला येणाऱ्याने हा टक् ऐकण्यापेक्षा तुम्हीच ऐकलेला बरा.

१७. बोर्डाच्या जोडावर एक कड दुसरीपेक्षा वर राहते. पत्र्याच्या स्टडवरच होतं, लाकडावर नाही.

हा प्रश्न गनचा नाही, क्रमाचा आहे, पण वेगवान गनमुळे जास्त दिसतो.

पत्र्याच्या स्टडचा आडवा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा असतो. ज्या बाजूला बोर्ड लागतो त्या पट्टीची एक कड स्टडच्या पाठीला जोडलेली, ताठ असते. दुसरी मोकळी असते. पहिला बोर्ड पाठीच्या बाजूने लावला आणि दुसरा मोकळ्या कडेवर, तर दुसऱ्याचा स्क्रू मारताना मोकळी कड आत लवते. पहिला बोर्ड तसाच राहतो, दुसरा मागे जातो आणि जोडावर पायरी पडते.

उपाय: सगळ्या स्टडची उघडी बाजू एकाच दिशेला ठेवा आणि बोर्ड असे लावत जा की प्रत्येक बोर्डाची पुढची कड आधी मोकळ्या कडेवर पक्की होईल. ती कड बोर्डामुळे ताठ होते, आणि पुढचा बोर्ड पाठीच्या बाजूवर येतो, जिथे पत्रा हलत नाही. फ्रेम उभी करतानाच हे ठरवावं लागतं. एखादा स्टड उलटा लागला असेल तर बोर्ड चढवण्याआधी फिरवून घ्या.

१८. कोपऱ्यात आणि भिंतीलगत अटॅचमेंट पोचत नाही.

ती रुंद असते, त्यामुळे असं होणारच. शेवटचे काही स्क्रू सुटे मारायचे असतात. बहुतेक अटॅचमेंट एका झटक्यात निघतात आणि साधी टोपी बसते, पण बिट बदलायला विसरू नका (प्रश्न ४). दोघं काम करत असाल तर एकाकडे ऑटो-फीड आणि दुसऱ्याकडे डिंपलर बिटवालं ड्रिल मशीन, ही जोडी सोयीची पडते. गन तिरकी धरून कोपरा गाठायचा प्रयत्न मात्र करू नका.

१९. दोन थर, अग्निरोधक किंवा ध्वनिरोधक भिंतीला काही वेगळं करावं लागतं का?

हो.

अग्निरोधक भिंत ही बोर्ड, फ्रेम, स्क्रूची लांबी, अंतर आणि थरांचा क्रम या सगळ्यांसकट भट्टीत तपासलेली असते. त्यातलं अंतर तुम्ही बदललं तर ती तपासलेली भिंत राहत नाही. म्हणून प्रश्न १२ मधले आकडे इथे लागू करू नका, त्या भिंतीच्या तपशिलात लिहिलेलेच पाळा.

दोन थरांत पहिल्या थराचे आणि दुसऱ्याचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. दोन थरांसाठी दोन लांबीच्या पट्ट्या लागतात. त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, कारण गडबडीत २५ ची पट्टी वरच्या थराला गेली तर स्क्रू फ्रेमपर्यंत पोचतच नाही आणि वरून काही कळतही नाही. वरच्या थराची कड स्टडवर येत नसेल तर बोर्डाला बोर्ड जोडणारे, जास्त जाड आट्यांचे स्क्रू वापरतात.

ध्वनिरोधक भिंतीत बोर्ड लवचीक चॅनेलवर टांगलेला असतो, म्हणजे त्याची कंपनं स्टडपर्यंत जाऊ नयेत. एखादा लांब स्क्रू चॅनेलमधून पुढे जाऊन स्टडला लागला तर आवाजाला तिथे सरळ रस्ता मिळतो. इथे स्क्रू आखूडच हवा, आणि स्टड कुठे आहेत ते बोर्डावर पेन्सिलने आखून त्या रेघा टाळायच्या.

२०. हीच गन सिमेंट बोर्ड किंवा प्लायवूडला वापरता येईल का?

गन चालेल, जिप्समचे काळे स्क्रू नाही. त्यांच्यावरचा थर कोरड्या जागेपुरता असतो, आणि सिमेंट बोर्ड बहुधा ओल्या जागीच लावतात. त्यासाठी गंजरोधक थर दिलेले वेगळे स्क्रू घ्या. जमिनीवर प्लायवूड बसवायला जिप्समचा स्क्रू वापरला तर कडक पोलादामुळे तो वाकण्याऐवजी तुटतो.

२१. काही महिन्यांनी स्क्रूची डोकी रंगाखालून वर आली. गनमुळे झालं का?

गनमुळे नाही, पण गन वापरण्याच्या पद्धतीमुळे झालेलं असू शकतं. दोन कारणं नेहमीची. लाकडी फ्रेम ओली असताना बोर्ड लावला आणि नंतर लाकूड वाळून आकसलं, म्हणजे बोर्ड आणि लाकडात फट पडली. किंवा स्क्रू मारताना बोर्ड फ्रेमला टेकलेलाच नव्हता. ऑटो-फीडमध्ये गनच बोर्डावर दाब देते असं वाटतं, पण तो दाब फक्त टोकाच्या जागी असतो. मोकळा हात गनजवळ, बोर्डावर सपाट ठेवून दाबायची सवय लावा.

दुरुस्तीसाठी बोर्ड हाताने दाबून जवळच नवा स्क्रू मारा, वर आलेला काढा आणि खळगा भरा.

२२. भिंतीतल्या वायरी आणि पाईप कसे वाचवायचे?

बोर्ड चढवण्याआधी उघड्या फ्रेमचे फोटो काढा आणि प्रत्येक वायर-पाईपची जागा जमिनीवर खडूने आखा. हाताने एकेक स्क्रू लावताना माणूस क्षणभर तरी थांबतो, ऑटो-फीडच्या लयीत तो थांबत नाही, म्हणून खूण डोळ्यांसमोर असली पाहिजे. स्टडच्या दर्शनी कडेजवळून वायर गेली असेल तिथे पोलादी संरक्षक पट्टी बसवा. आणि लांबीचा नियम पाळा (प्रश्न ६).

२३. अटॅचमेंटची निगा कशी राखायची? तेल घालू का?

ओलं तेल नको. जिप्समची पूड त्यात कालवली जाते आणि सरकत्या भागात लगदा बसतो. रोज काम संपल्यावर अटॅचमेंट काढून कोरड्या ब्रशने झाडा, हवेचा झोत असेल तर फटींतून मारा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असू द्या, सीलिंगचं काम करतानाही. भाग जड सरकत असेल तर सुकं राहणारं वंगण, तेही सूचनापत्रकात सांगितलेल्या जागीच. बिट धरणारा भाग आणि दातेरी चाकाचे दाते आठवड्यातून एकदा उजेडात बघा. दात्याचं टोक गोल झालं असेल तर ते चाक बदलावं लागतं, पट्टी बदलून ती अडचण जात नाही.